विश्लेषण : पिन नवी घातली, पण नट नीट आवळला का? जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातले आठ बोल्ट आणि एक महागात पडणारी सवय

भाईंदर पूर्वेचं गोडदेव आता इमारतींनी भरून गेलंय. तरी या पट्ट्यात औद्योगिक गाळे अजून टिकून आहेत. स्टीलची भांडी, पॉलिश, वेल्डिंग, लेथ. अशा एखाद्या गाळ्यासमोर टेम्पोतून एक जुनं ट्रॅक्टरचं इंजिन उतरलं आहे, असं समजा. वाड्याकडच्या शेतकऱ्याचं इंजिन. वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर, मोडायचा नाही असं घरात ठरलेलं. क्रँक घासायचा, नवे बेअरिंग टाकायचे, लायनर-पिस्टन बदलायचे. बोलाचाली सुरू होते आणि खर्चाच्या यादीत एका ओळीवर येऊन थांबते.

"मिस्त्री, कनेक्टिंगचे बोल्ट जुनेच चालतील ना?"

"चालतील की काका. पिन नवी टाकतो, मग कुठे जातात सुटून?"

राज्यातल्या कितीतरी गॅरेजांत हा संवाद थोड्याफार फरकाने होत असतो. त्यातलं पहिलं उत्तर धोक्याचं आहे आणि दुसऱ्या वाक्यातली समजूत चुकीची. पिन नट सुटू देत नाही, हे खरं. पण कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बहुतेक वेळा 'सुटून' जात नाहीत. ते तुटतात. आणि तुटण्याचं कारण पिनेत नसतं, आवळण्यात असतं.

कांदिवलीत बनलेलं इंजिन

या विषयाचं आणि या भागाचं नातं जुनं आहे. गोडदेवहून भाईंदर स्टेशन गाठायचं, चर्चगेटकडची लोकल पकडायची; मिरा रोड, दहिसर, बोरिवली आणि मग कांदिवली. याच कांदिवलीत महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली. १९६५ पासून तिथून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. मूळ आराखडा ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा, तिथे तो १९५८ मध्ये आला होता. चार सिलिंडर, सुमारे २.३ लिटरचं डिझेल इंजिन, ३५ अश्वशक्ती. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, पण '२७५' हा आकडा पुढच्या पिढीच्या ट्रॅक्टरांवरही राहिला.

साठ-सत्तरच्या दशकातले हे ट्रॅक्टर आज दोन प्रकारच्या लोकांकडे दिसतात. एक, ज्यांना जुन्या यंत्रांचा नाद आहे. दुसरे, ज्यांच्याकडे तो अजून राबतो. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करता येतं. त्यामुळे कागदोपत्रीही जुना ट्रॅक्टर जिवंत ठेवता येतो. प्रश्न असतो तो इंजिनाचा. भातशेतीच्या पट्ट्यात चिखलणीच्या आठवड्यात इंजिनाचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तर नादवाल्याचं मन मोडतं आणि शेतकऱ्याचा हंगाम.

चार सिलिंडर, प्रत्येक कनेक्टिंग रॉडला दोन बोल्ट, म्हणजे आठ बोल्ट. इंजिनात इतर शेकडो नट-बोल्ट असतात. त्यातला एखादा सैल झाला तर तेल गळतं, आवाज येतो, पंप हलतो. या आठातला एक गेला तर बहुतेक वेळा इंजिन जातं.

बोल्टावर नेमका किती भार येतो?

पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. त्याला थांबवून परत खाली ओढण्याचं काम कनेक्टिंग रॉड करतो. रॉडचं खालचं मोठं टोक क्रँकला मिठी मारून बसलेलं असतं. ही मिठी दोन तुकड्यांची: वरचा भाग रॉडचा, खालचा कॅपचा. दोघांना धरून ठेवतात ते हे दोन बोल्ट.

डिझेलचा स्फोट होतो तेव्हा पिस्टन खाली ढकलला जातो. त्या वेळी सगळा भार रॉडच्या वरच्या भागावर असतो, बोल्टांना फारसं काम नसतं. बोल्टांची खरी परीक्षा होते ती धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोहोचतो तेव्हा. सिलिंडरमध्ये दाब नाही, पिस्टन वरच्या दिशेने धावतोय आणि त्याला मागे खेचायचं आहे. इथे सगळी ओढ कॅपवर, म्हणजे बोल्टांवर.

साधा हिशोब मांडून पाहू. इंजिन मिनिटाला १,९०० फेरे फिरतंय, पिस्टनची धाव सुमारे १०० मिमी. पिस्टन, त्याची पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून दीड किलो धरा, त्यात रॉडच्या खालच्या भागाची ओढ मिळवा. टोकाशी येणारी एकूण ओढ अर्ध्या टनाच्या आसपास जाते. म्हणजे एका बोल्टाच्या वाट्याला अडीचशे-तीनशे किलो. हे मिनिटाला ९५० वेळा आणि तासाला ५७ हजार वेळा. शंभर तासांची नांगरणी झाली की ५७ लाख झटके.

तीनशे किलो हा आकडा चांगल्या पोलादाच्या बोल्टासाठी मोठा नाही. एकदाच लटकवला तर बोल्ट ढिम्म हलणार नाही. पण ५७ लाख वेळा ताण-सैल, ताण-सैल झालं तर? तार एकदा वाकवून तुटत नाही, दहादा वाकवली की तुटते. धातू थकतो. बोल्टाच्या आट्याच्या तळाशी किंवा डोक्याखालच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते आणि रोज थोडी पुढे सरकते.

उतारावर परिस्थिती आणखी बिघडते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मागे भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला घाटात ढकलत असेल, तर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि गव्हर्नरने डिझेल तोडलं तरी वेग कमी होत नाही. १,९०० वरून २,५०० फेऱ्यांवर गेलं की बोल्टांवरची ओढ पावणेदोन पट होते. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्यांना खालच्या गिअरचं महत्त्व ब्रेकमुळे माहीत असतं. बोल्टांसाठीही ते तेवढंच आहे.

मग तो तुटत का नाही?

कारण नीट आवळलेला बोल्ट हा मुळात ताणलेला स्प्रिंग असतो. सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

एक १२ मिमी बोल्ट घ्या. समजा तो टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटरपर्यंत आवळला. (हा फक्त उदाहरणाचा आकडा. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्येच बघायचा.) कोरड्या आट्यांवर या आवळण्यातून बोल्टात साधारण ३.४ टनांचा ताण येतो. म्हणजे रॉड आणि कॅप एकमेकांवर साडेतीन टनांनी दाबून बसलेले आहेत. आता पिस्टनची तीनशे किलोची ओढ आली, तर ती आधी या दाबातूनच वजा होते. जोड उघडत नाही आणि बोल्टाला तीनशे किलोतला अगदी छोटा हिस्सा जाणवतो. त्याच्या दृष्टीने तो सतत जवळपास एकसारख्या ताणात आहे. तार वाकतच नाही, मग थकेल कशी?

उलट बोल्ट सैल असेल, तर जोड दर फेरीत किंचित उघडतो आणि तीनशेचे तीनशे किलो बोल्टावर आदळतात, दर वेळी शून्यापासून. म्हणजे सैल बोल्ट 'आरामात' नसतो, तोच जास्त मार खातो. जास्त आवळला तर बोल्ट तुटेल या भीतीने 'जरा हलक्या हाताने' आवळणारे मिस्त्री नेमकी उलटी गोष्ट करत असतात.

हा ताण बोल्टाच्या लांबीत मोजायचा तर किती? साठ मिमी लांबीचा असा बोल्ट पूर्ण आवळल्यावर लांबतो ०.११ मिमीच्या आसपास. वहीच्या एका पानाची जाडी. इंजिनाचा जीव एका पानाच्या जाडीवर टांगलेला असतो. नटखाली किंवा कॅपच्या जोडावर रंगाचा पापुद्रा, कार्बन, तेलकट मळ राहिला आणि चालताना तो ०.०३ मिमीने चेपला गेला, तर पाव भाग ताण तिथेच गेला. नट जागचा हललेला नसतो, पिन जशीच्या तशी असते, टॉर्क पानाही 'टक' वाजवून मोकळा झालेला असतो.

म्हणून "पिन नवी टाकतो" हे उत्तर अपुरं आहे. पिन नटाला फिरू देत नाही. ती ताण निर्माण करत नाही आणि गेलेला ताण परतही आणत नाही.

पिन, पत्रा, तार, डिंक

जुन्या इंजिनांत नट जागेवर ठेवण्याचे तीन-चार प्रकार सापडतात. प्रत्येकाची आपली खोड आहे.

खाचांचा नट आणि फाटकी पिन, म्हणजे कॅसल नट आणि स्प्लिट पिन, हा सगळ्यांत ओळखीचा प्रकार. नटाला सहा खाचा, बोल्टाला आरपार भोक. अडचण अशी की टॉर्क पुरा होतो तेव्हा खाच आणि भोक समोरासमोर येतीलच असं नाही. मग हात आपोआप जातो नट थोडा मागे फिरवायला. पंधरा-वीस अंश, त्यात काय मोठं? वर दिलेल्या बोल्टाचा आटा सव्वा मिमी पिचचा धरला, तर वीस अंश मागे म्हणजे ०.०७ मिमी. एकूण लांबणंच एका पानाएवढं आहे. त्यात वीस अंशांत निम्म्याच्या आसपास ताण गेला. नवी कोरी पिन घातली, टोकं सुबक वळवली आणि आत अर्धा सैल बोल्ट.

नियम सरळ आहे: नट मागे फिरवायचा नाही. मॅन्युअलमध्ये टॉर्क बहुतेक 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा दिलेला असतो. खालच्या आकड्यापर्यंत आवळायचं, मग खाच जुळेपर्यंत पुढे न्यायचं, पण वरच्या आकड्याच्या आत. जुळली नाही तर नट काढायचा आणि आठ नटांतला दुसरा लावून पाहायचा. प्रत्येक नटाच्या आट्याची सुरुवात वेगळी असल्याने कुठला ना कुठला जुळतो. अगदीच नाही जुळला, तर नटाचा खालचा तळ सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून एकसारखा किंचित घासायचा. कानशीने नाही. वेळ लागतो, मान्य. गाळ्यात तीन गिऱ्हाईकं उभी असताना हे करणं सोपं नसतं, हेही मान्य.

पिन प्रत्येक वेळी नवी आणि भोकाच्या मापाची हवी. सायकलच्या स्पोकचा तुकडा, खिळा, बांधकामाची तार असे प्रकार जुनी इंजिनं खोलणाऱ्यांना सापडत असतात. बांधणाऱ्याने 'तात्पुरतं' म्हणून केलेलं असतं. इंजिनात तात्पुरतं असं काही नसतं.

दुसरा प्रकार पत्र्याच्या लॉकचा. नटखाली पातळ पत्रा, आवळल्यावर त्याचं एक पान नटाच्या सपाट बाजूवर दुमडायचं. दिसायला भक्कम. पण पत्रा मऊ असतो आणि दाबाखाली चेपतो, वर सांगितलेला पाव भाग ताण इथेच गळतो. पुढच्या काळातल्या अनेक इंजिनांनी हा पत्रा सोडून दिला, तो उगाच नाही. तरी आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पत्रा असेल तर तो काढून टाकण्याची हुशारीही नको, कारण दिलेला टॉर्क आणि बोल्टाची लांबी तो धरूनच ठरलेली असते. पत्रा मात्र दर वेळी नवा. दुमडून सरळ केलेला पत्रा पुन्हा दुमडला की पान तुटतं आणि थेट तेलाच्या सम्पमध्ये जातं.

तिसरा प्रकार बोल्टाच्या डोक्यातून ओवलेल्या पिळाच्या तारेचा. विमानांच्या इंजिनात आजही वापरतात. यात तारेची ओढ आवळण्याच्या दिशेने हवी. उलट ओवली तर तार नुसता दागिना.

आणि चौथा, आजकालचा लाडका: आट्यांना लावायचा डिंक. लॉकटाइट हे नाव त्याचं सामान्यनामच झालंय. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हा डिंक आणला. हवा मिळेनाशी झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो, अशी त्याची युक्ती. चीज उत्तम आहे. पण त्याला आटे कोरडे, तेलाचा लवलेश नसलेले लागतात. जुन्या इंजिनाचे मॅन्युअल मात्र बहुधा आट्यांना तेल लावून आवळायला सांगतं. दोन्ही एकत्र केलं की ना डिंक धरत, ना टॉर्कचा आकडा खरा राहत. मॅन्युअलमध्ये नसताना 'वरून सेफ्टी' म्हणून डिंक लावणं ही सेफ्टी नाही.

स्प्रिंग वायसरबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं, कारण अजूनही तो घातला जातो. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये कंपनात नट का सुटतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या हादऱ्यांनी जोड घसरला की नट फिरतो, आणि ते थांबवतो तो बोल्टाचा ताण. या प्रकारच्या चाचणीत स्प्रिंग वायसर जवळजवळ काहीच मदत करत नाही. थोडासा दाब येताच तो सपाट होतो, पुढे तो साधा वायसर. कनेक्टिंग रॉडवर त्याचं काही काम नाही.

तेल लावलं की आकडा बदलतो

टॉर्क पाना ताण मोजत नाही, फिरवायला लागलेला जोर मोजतो. त्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. बोल्ट ताणण्याच्या कामी येतात दहा टक्के. मग घर्षण थोडं जरी बदललं, तरी ताण केवढा बदलेल?

वरच्याच १२ मिमी बोल्टाला तेल लावून त्याच ८० न्यूटन-मीटरला आवळलं, तर ताण ३.४ टनांवरून पावणेपाच टनांच्या पुढे जाऊ शकतो. गंजलेल्या आट्यांवर तोच आकडा दोन-अडीच टनांत संपतो. पाना तिन्ही वेळा सारखाच 'टक' करतो. म्हणून मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच त्याच्या शेजारचं वाक्य महत्त्वाचं: तेल लावून की कोरडं? ते वाक्य न वाचता फक्त आकडा मोबाइलवर फॉरवर्ड करण्यात अर्थ नाही.

'हाताला कळतं' म्हणणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही. बेअरिंगचा आवाज ऐकून कितवा सिलिंडर ते सांगणारे लोक आहेत. पण हाताला कळतो तोही फिरवण्याचा जोरच, ताण नाही. शिवाय संध्याकाळी सहाचा हात सकाळी दहाच्या हातासारखा नसतो. गाळ्यात लेथ असतो, ग्राइंडर असतो, वेल्डिंगचा सेट असतो आणि टॉर्क पाना मात्र शेजारून मागवावा लागतो, हे चित्र बदलायला हवं. ज्या गाळ्याकडे क्रँक घासायची यंत्रं आहेत, त्याला टॉर्क पाना परवडत नाही हे पटत नाही.

खरं तर सर्वांत भरवशाची पद्धत टॉर्कची नाहीच, लांबी मोजण्याची आहे. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टाची दोन्ही टोकं अनेकदा उघडी असतात. आवळण्याआधी मायक्रोमीटरने लांबी घ्यायची, आवळल्यावर पुन्हा घ्यायची. फरक म्हणजे प्रत्यक्ष ताण. किती लांबायला हवा हा आकडा सगळ्या जुन्या मॅन्युअलांत मिळत नाही. पण आठही बोल्ट एकाच आकड्याला आवळून सात ०.११ ने लांबले आणि एक ०.०६ ने, तर त्या एकात काहीतरी बिघडलंय हे कळायला मॅन्युअल लागत नाही.

जुना बोल्ट ठेवायचा की नवा?

इथे मत स्पष्ट असावं: नवा मिळत असेल तर नवा. भेग डोळ्यांना दिसत नाही, आणि जुन्या बोल्टाने आजवर किती झटके खाल्ले, तो कधी सैल चालला होता का, याची नोंद कुणाकडे नसते. क्रँक, लायनर, पिस्टन, पंप या सगळ्या खर्चात आठ बोल्टांची रक्कम सर्वांत खालच्या ओळींत असते. घासाघीस नेमकी तिथेच होते. याचा दोष सगळा मिस्त्रीच्या माथी मारून चालणार नाही. बिल कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक आणि ते करून देणारा मिस्त्री मिळून हा निर्णय घेतात.

अडचण आहे ती मिळण्याची. साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाचे बोल्ट कंपनीच्या काउंटरवर मिळतीलच असं नाही. मग दोन वाटा उरतात. एक, जुने बोल्ट तपासून घेणे: स्वच्छ धुऊन आटे बघायचे, नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का पाहायचं, आठही बोल्टांची लांबी एकमेकांशी ताडायची. मधेच बारीक झालेला, इतरांपेक्षा लांबलेला, आटे ओढले गेलेला बोल्ट सरळ बाद. उरलेल्यांवर लाल रंगाची डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे रंग मारायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटते. वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे हे डबे असतातच.

दुसरी वाट हार्डवेअरच्या दुकानाची आणि ती सर्वांत धोक्याची. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला बोल्ट मिळाला म्हणजे कनेक्टिंगचा बोल्ट मिळाला असं नाही. कनेक्टिंगच्या बोल्टाचा दांडा अनेकदा खास मापाचा असतो, कारण कॅप जागेवर बसवण्याचं कामही तोच करतो. डोक्याखालची गोलाई वेगळी, आटे पाडण्याची पद्धत वेगळी. त्यात या जुन्या ट्रॅक्टरांचा वंश ब्रिटिश, आटे इंचांतले. अर्धा इंच, इंचाला वीस आटे असलेल्या नटात १२ मिमीचा, सव्वा पिचचा बोल्ट फिरतो. हाताला जरा ढिला लागतो, पण फिरतो, कारण दोघांचं पिच जवळजवळ सारखं आहे. आट्यांची पकड मात्र निम्म्यावर येते. आवळताना एक तर आटे ओढले जातात, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे तेव्हा जात नाहीत आणि शेतात जातात.

आणखी एक सवय इथेच नोंदवायला हवी: कॅप घासणे. बेअरिंगमध्ये खेळ आला की क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग टाकायच्या ऐवजी कॅपचा जोड कानशीवर घासून खेळ काढतात. त्याने मोठ्या टोकाचं भोक गोल राहत नाही, आणि जोडाची बाजू तिरकी झाली की बोल्ट आवळतानाच वाकतो. वाकलेल्या बोल्टाला कुठलाच टॉर्क बरोबर नसतो. रॉड आणि कॅपवर १ ते ४ आकडे ठोकलेले असतात, त्या जोड्या आणि त्यांची बाजूही बदलायची नाही. कारण भोक पाडताना ते दोघं एकत्र होते.

तुटलेला बोल्ट काय सांगतो?

इंजिन फुटल्यावर वादाला तोंड फुटतं. मालक म्हणतो मिस्त्रीने आवळलं नाही, मिस्त्री म्हणतो तुम्ही तेल पाहिलं नाही. तुटलेले तुकडे फेकून दिलेले असतात. तेच खरे साक्षीदार.

तुटलेल्या तोंडावर उत्तनच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यावर असतात तशा गोलसर रेषा दिसल्या, तर भेग दिवसेंदिवस पुढे सरकत होती. ताण कमी होता किंवा बोल्ट आधीच जखमी होता. उलट बोल्ट तुटण्यापूर्वी ओढला जाऊन मधे बारीक झाला असेल, तर तो एकाच मोठ्या झटक्यात किंवा प्रमाणाबाहेर आवळल्याने गेला. आणि बेअरिंग वितळून काळं-निळं झालं असेल, तर गुन्हेगार बहुधा तेल आहे. तेल तुटलं, बेअरिंग क्रँकला चिकटलं, रॉडने हातोडे मारले आणि शेवटी बोल्ट गेला. बोल्ट तुटला म्हणजे चूक बोल्टाचीच, असं दर वेळी नसतं. मालकांनी ही बाजूही ऐकून घ्यायला हवी.

हा प्रश्न ट्रॅक्टरपुरता नाही. उत्तन-पालीच्या बोटींतल्या डिझेल इंजिनातही हीच रचना असते, आणि तिथे रॉड गेला तर बांध नसतो उतरायला. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी टर्बाइनचं झाकण उडालं आणि ७५ जणांचा जीव गेला. झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडांवर जुन्या, थकव्याच्या भेगा आढळल्या. यंत्राचा आकार कितीही वेगळा असो, तिथेही ताण-सैल होत धातू थकला होता.

बांधताना काय विचाराल?

इंजिन गाळ्यात टाकलं असेल तर मालकाला मिस्त्रीशेजारी दिवसभर उभं राहायची गरज नाही. ज्या दिवशी कॅप बसणार तो एक तास पुरे. जोडाच्या बाजू पुसल्या का, आटे मॅन्युअलप्रमाणे तेलाचे की कोरडे, हे पाहायचं. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळले जातात का? टॉर्क पाना एकदा 'टक' झाला की थांबायचं, खात्रीसाठी अजून दोनदा 'टक टक' करायचं नाही. प्रत्येक जादा झटक्यात नट थोडा पुढे जातो. प्रत्येक कॅप बसली की क्रँक हाताने फिरवून पाहायचा. जड झाला तर तीच कॅप खोलायची, चारही बसवून मग शोधत बसायचं नाही.

आठ बोल्टांचे आकडे, टॉर्क आणि मोजली असेल तर लांबी, एका कागदावर लिहून त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. पाच वर्षांनी इंजिन पुन्हा खोलणाऱ्याला तो फोटो हवा असेल, तेव्हा तो सापडला पाहिजे एवढंच.

एक गोंधळ मात्र अनेकांच्या मनात असतो. नवं बांधलेलं इंजिन पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर अनेक जुन्या इंजिनांत हेडचे नट पुन्हा आवळतात, कारण हेडखालचं गॅस्केट चेपलं जातं. कनेक्टिंगच्या बोल्टांना हे लागू नाही. तिथे गॅस्केट नाही, आणि बसलेला नट पुन्हा हलवायला सुरुवातीचं घर्षण जास्त लागतं, त्यामुळे पाना आधीच 'टक' करतो आणि काहीच कळत नाही. काही कारणाने सम्प खोलावाच लागला आणि शंका असेल, तर तो बोल्ट पूर्ण सैल करून, पुसून, पहिल्यापासून आवळायचा. पिन अर्थातच नवी.